कानामागून आलेली अक्षरे

महूच्या मराठी घरांतली मुले मराठी बोलतात, पण मराठी वाचत नाहीत. ही तक्रार इंदुरात ऐकू येते, देवासला ऐकू येते, आणि ग्वाल्हेरीस तर ती करणारे गृहस्थ स्वतःच आपल्या नातवाशी हिंदीत बोलताना आढळतात. तेव्हा तक्रारीत नवे काही नाही. नवे आहे ते तिच्यावर सुचवल्या जाणाऱ्या उपायात. पूर्वी कोणी म्हणे वाचनालय काढा, कोणी म्हणे वक्तृत्वस्पर्धा भरवा. आता जो भेटतो तो म्हणतो, "मुलांसाठी एखादे चांगले ॲप पाहिजे हो गुरुजी. आहेत ती मुलांना धरून ठेवत नाहीत. सगळे नव्याने करायला हवे."

हे "नव्याने" म्हणजे काय, याचा विचार करणे वास्तविक संगणकवाल्यांचे काम. मी गाणे शिकवणारा माणूस. तथापि दर शनिवारी-रविवारी इंदुराहून महूला जाऊन मी मुलांचा वर्ग घेतो, आणि बंदिशीचे बोल काय, भजनाचे कडवे काय, नाट्यपदाची ओळ काय, शेवटी ती कोठून तरी वाचावीच लागते. त्यामुळे मुलांच्या वाचनाशी माझी गाठ दर आठवड्याला पडते. २०२० सालापासून त्यांच्या हातांतली वाचनाची ॲप्सही मी बारकाईने पाहत आलो आहे. ती नव्याने घडवणाऱ्यांचे सारे लक्ष मुलांच्या डोळ्यांवर आहे. आमच्या मुलांचे अडते ते कानापाशी.

महू म्हणजे इंदूर नव्हे, हे या पानाच्या वाचकांना सांगायला नको. १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर इंग्रजांनी होळकरांच्या मुलखात ही छावणी वसवली, आणि तेव्हापासून गावावर पलटणीची छाप राहिली ती आजही आहे. २००३ पासून गावाचे अधिकृत नाव डॉ. आंबेडकर नगर झाले. लोकांच्या बोलण्यात मात्र महू अजून आहेच. येथली मराठी घरे कोणी संस्थानच्या चाकरीमुळे, कोणी पलटणीबरोबर, कोणी रेल्वेबरोबर आलेली. चार-चार पिढ्या येथे गेल्या. २०११ च्या जनगणनेत मध्य प्रदेशात मराठी ही मातृभाषा सांगणारे बारा लाखांवर निघाले. म्हणजे आकडा काही थोडाथोडका नाही. पण या बारा लाखांतल्या घरचे मूल आज घरात मराठी, गल्लीत हिंदी आणि शाळेत इंग्रजी असे तीन दारांतून ये-जा करते. मराठी शिकवणारी शाळा त्याच्या वाट्याला बहुधा येतच नाही. देवनागरी त्याला येते, पण ती हिंदीच्या तासाला शिकलेली देवनागरी.

"लिपी तर एकच ना? मग अडचण कसली?" असे मला एका सुशिक्षित पालकांनी विचारले होते. अडचण अशी.

गेल्या वर्षी महूतले एक जुने घर विकले गेले. आजोबा वारले होते, मुलगा नोकरीनिमित्त फ्लॅटमध्ये राहणारा. पुस्तकांनी भरलेले एक शिसवी कपाट तेवढे मागे उरले. रद्दीवाला येण्यापूर्वी मी एकदा पाहून जावे, असा निरोप आला. आम्ही पुस्तके काढीत असता घरातला अकरा वर्षांचा नातू मदतीला होता. मुलगा हुशार, इंग्रजी कादंबऱ्या दोन दिवसांत संपवणारा. एका पुस्तकाच्या पहिल्या पानावर पणजोबांच्या हातची शाई होती. "चि. बाळास, वेळ काळ पाहून वाचणे." मुलाने ते मोठ्याने वाचले, "चि. बालास, वेल काल पाहून वाचणे." आणि मग माझ्याकडे वळून अगदी निरागसपणे विचारले, "काका, काल कुठली वेल बघायची होती?"

हसू आले, आणि लगेच मावळलेही. कारण हाच मुलगा स्वयंपाकघराकडे तोंड करून "आई, किती वेळ लागेल?" असे स्वच्छ ळकारासह ओरडला होता, त्यास पाच मिनिटेही झाली नव्हती. 'वेळ' हा शब्द त्याच्या कानात होता, जिभेवर होता. फक्त कागदावरच्या 'वेळ'शी त्याची कधी ओळख करून दिली गेली नव्हती. हिंदीच्या पुस्तकात ळ हे अक्षर बहुधा भेटतच नाही. भेटले की मुलगा त्याला जवळच्या ल मध्ये ढकलून मोकळा होतो.

आणि ळ हा एकटा नाही. ज्ञानेश्वरांचा 'ग्यानेश्वर' होतो. ऋषीचा 'रिषी' होतो. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांतला फरक न कळल्यामुळे गुरुजन आणि स्वयंपाकी एका पंक्तीला बसतात. च आणि ज यांचे तर विचारूच नका. 'चंद्र' मधला च निराळा, 'चांदोबा' मधला निराळा. 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जग' म्हणजे जिवंत राहा. कागदावर दोन्ही अगदी सारखे, तोंडात दोन्ही निराळे. मराठी लिपीने हा फरक दाखवण्याची तसदी कधी घेतली नाही, कारण वाचणाऱ्याच्या कानाला तो ठाऊक असणार असे गृहीत होते. हे गृहीत पुण्या-सातारच्या मुलाच्या बाबतीत खरे ठरते. महूच्या मुलाच्या बाबतीतही ते खरेच आहे. मात्र त्याच्या कानाची आणि डोळ्याची गाठ कोणी तरी घालून द्यावी लागते.

आता ॲपकडे वळू. मुलांना वाचनाकडे ओढण्यासाठी या देशात जे प्रयत्न झाले त्यांतले दोन-तीन तरी आमच्या वाचकांनी माहीत करून घेण्यासारखे आहेत.

पहिला 'प्रथम बुक्स' या संस्थेचा 'स्टोरीवीव्हर'. ८ सप्टेंबर २०१५ रोजी, साक्षरतादिनाचे औचित्य साधून, तो सुरू झाला. येथल्या गोष्टी खुल्या परवान्याखाली आहेत. मूळ लेखकाचे नाव देऊन कोणीही त्या छापाव्या, भाषांतर कराव्या, आवाजात नोंदवाव्या. गोष्टींच्या चार पायऱ्या केलेल्या आहेत. पहिल्या पायरीवर पानाला चार-दोन शब्द, चौथीवर भरगच्च मजकूर. मराठी गोष्टी भरपूर आहेत. हा मोठा ठेवा आहे, याबद्दल शंका नाही.

दुसरा गूगलचा 'बोलो'. तो मार्च २०१९ मध्ये हिंदी आणि इंग्रजीत निघाला. त्यात 'दिया' नावाची एक चित्रातली मुलगी असे. मूल गोष्ट मोठ्याने वाची, दिया ऐके. अडले तर शब्द उच्चारून दाखवी, जमले तर शाबासकी देई. एकदा उतरवून घेतल्यावर इंटरनेट नसतानाही ते चाले, ही खेड्यांच्या दृष्टीने मोठीच सोय. उत्तर प्रदेशातल्या सुमारे २०० खेड्यांत 'असर' केंद्राच्या साहाय्याने त्याची आधी चाचणी घेतली होती, आणि तीन महिन्यांत ६४ टक्के मुलांचे वाचन सुधारले असे गूगलने तेव्हा जाहीर केले. मे २०२० मध्ये त्याचेच 'रीड अलाँग' झाले, ते १८० देशांत गेले, आणि त्याच्या नऊ भाषांत मराठीही आली.

तो टाळेबंदीचा काळ होता. माझा महूचा वर्ग बंद, मुले घरात कोंडलेली. मोबाइलवर गाणे शिकवण्याचा उद्योग मी दोन आठवडे करून पाहिला. तंबोऱ्याचा आवाज पलीकडे पोचेपर्यंत मुलगा पुढच्या ओळीवर गेलेला असे. तेव्हा पालकांना म्हटले, गाणे राहू द्या, मुलांना मराठी तरी वाचू द्या. कोणी हे ॲप घेतले, कोणी ते. मी संध्याकाळी एकेकाला फोन करून दोन पाने ऐकत असे. त्या चार-पाच महिन्यांत मला जे दिसले ते पुढे सांगतो. कोणत्या ॲपमध्ये काय झाले ते नावानिशी सांगण्याचे मात्र कारण नाही.

पहिल्या आठवड्यात सारीच मुले खूश. चित्रे सुरेख, रंग मोहक, पान उलटताना सळसळ होते, गोष्ट संपली की तारे पडतात. तिसऱ्या आठवड्यात निम्मी गळाली. उरली त्यांतली काही ताऱ्यांसाठी एकच सोपी गोष्ट पुन्हापुन्हा वाचीत होती. एका ॲपच्या यंत्राने एका मुलीचा 'वेल' हा 'वेळ' म्हणून बिनदिक्कत मान्य केला आणि वर तारा दिला. दुसऱ्यात मराठी गोष्ट वाचून दाखवणारा यांत्रिक आवाज सरळ हिंदी वळणाचा होता, त्याचे 'ग्यान' ऐकून मुलाची आजी आतून ओरडली, "अरे, त्याला म्हणावं नीट बोल!" त्या आजीबाईंकडे आपण पुन्हा येऊ.

'नव्याने करा' म्हणणाऱ्यांचे पहिले सुचवणे बहुधा ताऱ्यांचेच असते. पदके द्या, क्रमांक लावा, सलग किती दिवस वाचले त्याची साखळी दाखवा, एक दिवस चुकला की साखळी तुटू द्या. याबाबत एक जुना प्रयोग आठवतो. १९७३ साली अमेरिकेत लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तिघांनी बालवर्गातल्या, मुळात चित्रे काढण्याची आवड असलेल्या मुलांना घेतले. काहींना आधीच सांगितले की चित्र काढलेत तर प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना न सांगता शेवटी दिले. काहींना काहीच दिले नाही. पुढे मोकळ्या वेळात पाहिले तो ज्यांना आधी आमिष दाखवले होते ती मुले चित्रांकडे कमी वळताना दिसली. इतर दोन गटांत तसे झाले नव्हते. आम्हां गाणे शिकवणाऱ्यांना यात नवल वाटण्याजोगे काही नाही. प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशा परीक्षा देत जाणारी आणि विशारदचे कागद हाती पडले की तंबोऱ्याला गवसणी घालून तो कायमचा कोपऱ्यात उभा करणारी माणसे आपल्या सर्वांच्या घरात आहेत. परीक्षा वाईट नव्हेत. पण त्यांनी कोणाला गाण्याची गोडी लावली, असे मी पाहिलेले नाही.

तर मग गोडी लागते कशाने? याचे उत्तर मला एका अशा प्रयोगात सापडले, ज्याचा ॲपशी सुतराम संबंध नव्हता. अहमदाबादच्या आय.आय.एम. मधले ब्रिज कोठारी यांना १९९६ च्या सुमारास एक कल्पना सुचली. परदेशी चित्रपटाखाली भाषांतराच्या ओळी येतात. मग आपल्या गाण्यांखाली त्याच भाषेत, गाण्याचेच शब्द का देऊ नयेत? १९९९ मध्ये अहमदाबाद दूरदर्शनच्या गुजराती 'चित्रगीत' मध्ये आणि २००२ मध्ये 'चित्रहार' मध्ये तसे शब्द दिसू लागले. गायक जो शब्द उच्चारी त्याचा रंग त्याच क्षणी बदले. अर्धवट साक्षर माणसे गाणे पाहता पाहता नकळत वाचू लागली. 'चित्रहार' पाहणाऱ्या कोणालाही आपण वाचन शिकतो आहोत असे वाटत नव्हते, हे त्यातले मर्म.

यातली खुबी संगीताच्या माणसाला चटकन कळते. गाणे आधीच पाठ असते. पुढचा शब्द कानाला ठाऊक असतो, म्हणून डोळा न घाबरता त्याच्या मागे जातो. नुसते ध्वनिपुस्तक दिले तर कान तृप्त होतो आणि डोळा रिकामा राहतो. २०१७ नंतर 'स्टोरीटेल' सारख्यांनी मराठीत उत्तम आवाजांतली पुस्तके आणली, मोठ्यांनी ती गाडी चालवताना ऐकली. त्यायोगे एकही मूल ळ वाचायला शिकले नसेल. उलट नुसता मजकूर दिला तर आमचे मूल त्याला हिंदीच्या चालीवर म्हणते. कान आणि डोळा एकाच वेळी, एकाच लयीत लागले पाहिजेत.

ही काही परदेशातून आलेली नवलाई नव्हे. १४ एप्रिल १८९१ रोजी ज्या बालकाचा जन्म याच महूच्या छावणीत झाला, त्याचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हे सैन्याच्या शाळेत शिक्षक होते. छावणी सुटली तेव्हा भीमराव अगदी लहान. पण पुढे घरी कथा ऐकायला मंडळी जमत तेव्हा वडील आपल्याला आणि आपल्या भावाला रामायण-महाभारतातले भाग त्यांच्यासमोर वाचायला लावत, आणि हा क्रम कित्येक वर्षे चालला, असे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. जन्मस्थळाच्या स्मारकाला दर वर्षी लाखो लोक येतात. त्या संध्याकाळच्या वाचनाचा विचार किती जणांच्या मनात येतो कोण जाणे. ऐकणारे समोर बसलेले असले की वाचणाऱ्याला अडखळून चालत नाही. आणि अडखळला तर चार जण दुरुस्त करायला असतात.

दरबारी गवयांच्या आमच्या घरात तालमीच्या वेळी कागद नसे. वही दिसली तर वडील ती शांतपणे उचलून कोनाड्यात ठेवीत. पंडित भातखंड्यांनी गावोगाव हिंडून बंदिशी गोळा केल्या, त्या स्वरलिपीत बांधल्या, 'क्रमिक पुस्तकमालिका' काढली आणि १९१८ मध्ये माधवराव शिंद्यांच्या आश्रयाने ग्वाल्हेरीस संगीताचे विद्यालय सुरू झाले, तेव्हा जुन्या घरंदाज गवयांनी नाके मुरडली होती. त्यांचे म्हणणे, कागदावरचा ख्याल हा ख्याल नव्हे. भातखंड्यांच्या बाजूने म्हणायचे तर, कागद नसता तर त्यातल्या निम्म्या चिजा आज नाहीशा झाल्या असत्या. मला दोन्ही बाजू पटतात. मी स्वतः मुलांना स्वरलिपी शिकवतो. पण ज्या रागाची चीज त्यांनी आधी ऐकलेली नाही ती पुस्तकातून काढायला कधी देत नाही. ऐकलेली चीज स्वरलिपीत पाहिली की मुलाचा चेहरा उजळतो, 'अरेच्चा, हे तर ते!' न ऐकलेली पाहिली की तो सारेगम मोजू लागतो. मराठी वाचनाचे हुबेहूब असेच आहे, आणि ॲप नव्याने करणाऱ्यांना मला सांगायचे आहे ते एवढेच.

बारीकसारीक गोष्टी मात्र अनेक आहेत, आणि खरी कारागिरी त्यांतच आहे. एक उदाहरण देतो. पुष्कळ ॲप्समध्ये आवाज चालू असता एकेक शब्द उजळतो. दिसायला छान. पण मूल मग शब्दाशब्दाला ठेचाळत वाचू लागते, ठेक्यावर बोट ठेवून चालणाऱ्या नवशिक्या तबलजीसारखे. शिकागोच्या गाय बसवेल यांनी १९२० मध्येच दाखवून दिले की चांगल्या वाचकाचा डोळा आवाजाच्या पुढे काही शब्द धावत असतो. गाताना आम्हीही हेच करतो. तोंडात एक स्वर, नजर पुढच्या समेवर. एकेक शब्द उजळवणे म्हणजे त्या पुढे धावणाऱ्या डोळ्याचा कान पिळून त्याला मागे ओढणे. त्याऐवजी श्वासागणिक, म्हणजे जेथे बोलणारा स्वाभाविकपणे थांबतो तेवढा तुकडा, एकदम उजळावा. चार-पाच शब्दांचा तुकडा. वाक्याची चाल मुलाच्या कानात तेव्हाच उतरते. अगदी पहिल्या पायरीच्या मुलाला शब्द उजळलेला हवा, हे खरे. पण दुसऱ्या पायरीपासून तो सोडवावा.

दुसरी गोष्ट अक्षरांच्या रूपाची. मराठीतला पाकळीचा ल आणि देठाचा श हे हिंदीतल्या ल-श पेक्षा निराळे दिसतात. महाराष्ट्र शासनाने २००९ च्या आणि पुन्हा २०२२ च्या निर्णयात मराठीसाठी हीच रूपे ठरवून दिली आहेत. मोबाइलवर मात्र पुष्कळदा हिंदी रूपेच उमटतात. गंमत अशी की कित्येक फाँटांत दोन्ही रूपे साठवलेली असतात, आणि 'हा मजकूर मराठी आहे' एवढे ॲपने सांगितले की मराठी रूप आपोआप पुढे येते. ते सांगण्याचे राहून जाते. कोणी म्हणेल, मुलाला हिंदी ल सवयीचा आहे, तोच असू द्या, सोपे पडेल. सोपे पडेल खरे. पण शिसवी कपाटातल्या पुस्तकांत छापलेला ल पाकळीचा आहे. ज्या वाचनाने ते कपाट उघडत नाही, ते वाचन सोपे असून उपयोग काय?

'किशोर' मासिकाची कथा याच जातीची. बालभारतीने १९७१ पासून चालवलेल्या या मासिकाचे जुने अंक आता इंटरनेटवर कोणालाही विनामूल्य पाहता येतात. आमच्या पिढीला हा खजिना वाटतो. पण ती छापील पानांची छायाचित्रे आहेत. मोबाइलच्या वीतभर काचेवर दोन रकान्यांचे पान बोटांनी ताणताणून वाचायचे, ओळ संपली की पान सरकवायचे. मी मुलांना ते दाखवले. चित्रांवर खूश झाली, मजकुराशी दोन मिनिटे झुंजली आणि सोडून दिले. हे अंक पुन्हा अक्षर जुळवून, मजकूर काचेच्या रुंदीप्रमाणे वाहील असे करून, सोबत कोणा जाणत्याच्या आवाजात देता आले तर नवे ॲप काढण्याची गरजच उरणार नाही. खर्च आहे, मला कल्पना आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला तेव्हा इंदुरातही पेढे वाटले गेले. पेढ्यांनंतरची कामे असतात ती अशी.

आवाज कोणाचा, हा प्रश्न राहिला. यंत्राचा नको, असे मी म्हणतो ते यंत्रद्वेषाने नव्हे. लिपीतच ज्याची खूण नाही असा 'जग' आणि 'जग' यांतला फरक यंत्राने संदर्भावरून ओळखायचा. कधी ओळखतो, कधी नाही, आणि मुलाला चूक कोठे झाली ते कळण्याचा मार्ग नसतो. पुण्या-मुंबईच्या निवेदकांचे आवाज स्वच्छ असतात, परंतु आमच्या मुलांना ते रेडिओसारखे लांबचे वाटतात. महूत मात्र असे आवाज आहेत की जे मुलाच्या कानात जन्मापासून आहेत, ज्यांचा ळ आणि ज्ञ बावनकशी आहे, आणि ज्यांना दुपारी दोन ते चार काही काम नसते.

गेल्या पावसाळ्यापासून आम्ही हे करू लागलो आहो. 'ग्यान' ऐकून ओरडणाऱ्या त्या आजीबाई आमच्या पहिल्या निवेदक. स्टोरीवीव्हरच्या तिसऱ्या पायरीच्या गोष्टी घेतल्या, कारण परवानगीची यातायात नाही. साने गुरुजींचे निधन १९५० चे. साठ वर्षांची मुदत केव्हाच संपल्यामुळे त्यांचे लेखनही घेता येते. आजी मोबाइलसमोर वाचतात, वर्गातली मोठी मुले घरच्या संगणकावर तुकडे पाडतात, आणि कोठे श्वास घेतला तेथे खूण करतात. तुकडे पाडता पाडता प्रत्येक ओळ त्यांना दहादहा वेळा ऐकावी आणि पाहावी लागते. वाचन खरे म्हणजे याच मुलांचे सुधारते आहे. ज्यांच्यासाठी हे चालले आहे त्या धाकट्यांचे अजून पुढे दिसेल. शिसवी कपाटवाला मुलगा खुणा करण्यात सर्वांत वाकबगार निघाला. एका आजोबांच्या कवळीचा आवाज प्रत्येक 'स' ला येतो अशी त्याची तक्रार आहे, आणि ती खरी आहे.

आतापर्यंत चौदा गोष्टी झाल्या. चौदावीच्या ऐन मध्यावर कुकरची शिट्टी वाजते आणि आजी "थांब रे, गॅस बंद करते" असे म्हणून उठतात. तेवढा भाग काढून टाका, असे मी सांगितले. मुलांनी काढला नाही. शिट्टीच्या जागी तीन टिंबे देऊन "थांब रे, गॅस बंद करते" हेही मजकुरात घातले आहे, आणि धाकटी मुले ती ओळ सर्वांत आधी वाचतात.